विमान उतरेपर्यंत अनवाणी

उतारवयात प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्याने एखाद्या माणसाचे चित्र रेखाटू पाहावे, हे धाडसच म्हटले पाहिजे. आणि धाडस हा माझा स्वभाव नव्हे. महाविद्यालयात असताना माझ्या निबंधांना बरे गुण मिळत, एवढेच माझे भांडवल, आणि तेही आता फार जुने झाले. तेव्हा पुढील मजकुरात वाचकांना जे अपुरे वाटेल ते माझे समजावे आणि मला क्षमा करावी. परंतु दौलतभाऊ तुरकर स्वतःविषयी कधी चार ओळी लिहिणार नव्हते, आणि त्यांना जवळून पाहिलेली माणसे एकेक करून गेली. उरलो तो मी. कोणी तरी लिहील अशी वाट पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली, हेही येथे सांगून टाकतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मी नागपुरात नुकताच बी.ए. झालो होतो. शाळेत शिकवण्याची नोकरी समोर होती, पण चाळीस मुलांसमोर तोंड उघडण्याच्या कल्पनेनेच माझ्या तळहातांना घाम सुटे. म्हणून एका नव्या विमान कंपनीत कारकून हवा असल्याचे कळताच मी अर्ज केला. कंपनीचे नाव ‘सारस एअर सर्व्हिस’. तिच्याजवळ सैन्याने विकायला काढलेले, दुहेरी पंखांचे, आठ उतारू मावतील असे एक जुने विमान होते, आणि ते नागपूर, गोंदिया, रायपूर असे जाऊन येत असे. गोंदियाच्या बाहेर, कामठा गावाच्या अंगाला, सरकारने युद्धात बांधलेली धावपट्टी ओस पडली होती. तिच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल होते, आणि त्या शेडपासून धावपट्टीच्या टोकापर्यंतच्या सर्व गोष्टींचे कारभारी होते दौलतभाऊ.

दौलतभाऊ जवळच्याच मुर्री गावचे. वयाने पन्नाशीच्या आसपास, उंच, किडकिडीत, पाय विलक्षण लांब. कंपनीला नाव काय द्यावे असे नागपूरच्या मालकांनी विचारले तेव्हा त्यांनीच, शेतात उभ्या असलेल्या पक्ष्यांच्या जोडीकडे बोट दाखवून, ‘सारस’ म्हटले होते. गावातली माणसे मात्र सांगत की, मालकांनी दौलतभाऊंच्या पायांकडे पाहून ते नाव ठेवले. त्याआधी त्यांची स्वतःची, उतारू वाहणारी एक मोटार होती; युद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा ती कोळशाच्या गॅसवर चालवून त्यांनी आमगावपर्यंतची वाट चालू ठेवली होती. ती मोटार विकून ते ‘सारस’मध्ये आले. म्हणजे मागे परतायला त्यांना वाहन उरले नव्हते.

त्यांची एक सवय मला पहिल्याच दिवशी दिसली. विमान धावपट्टीवरून उचलले गेले की, आम्ही सगळे मान वर करून पाहत असू. दौलतभाऊ पाहत नसत. ते खाली वाकून पायांतले जाड कातड्याचे जोडे काढीत, विमान ज्या दिशेला गेले त्या दिशेला त्यांची टोके करून शेडच्या दाराशी नीट मांडून ठेवीत, आणि अनवाणी कामाला लागत. सैन्याने टाकलेली टेलिफोनची तार गोंदियाच्या स्टेशनपर्यंत शाबूत होती. विमान नागपूरला किंवा रायपूरला उतरले की, स्टेशनावरचे तारबाबू हँडल फिरवून तसे कळवीत. ती घंटा वाजून मी “पोचलं” असे म्हणेपर्यंत दौलतभाऊ जोडे घालीत नसत. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरूनही ते तसेच फिरत. घरून आलेला डबाही तोवर बंद असे.

याचे कारण विचारले तर प्रत्येकाला निराळे उत्तर मिळे. कोणाला सांगत, जोडे चावतात. कोणाला सांगत, पाय मोकळे बरे. मला मात्र एकदा, बहुधा मी कोणाजवळ बोलणार नाही या खात्रीने, त्यांनी खरे सांगितले.

“बाबू, एक बार मोटर रस्त्यात बंद पडली. लोकं दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. एका पोराची माय अंगनात उभी होती, पायात काही नाई. म्या म्हनलं, बाई, अशी काऊन उभी? त म्हने, तो वाटेवर हाये, मंग मी कायले चप्पल घालू?” एवढे सांगून ते उठले. “चढवाले कोनालेही येते, बाबू. मानूस उतरला पायजे.”

हे शेवटचे वाक्य त्यांच्या तोंडी सदैव असे. विमानाने झेप घेतल्याचे कौतुक कोणी केले की, ते म्हणत, “उतरू द्या, मंग बोलू.”

आमची पहिली प्रतिस्पर्धी होती रेल्वे. गोंदिया मोठे जंक्शन. चहूकडे गाड्या जाणार. शहरातले टांगेवाले आम्हांला उघड हसत. त्यांच्यातला एक जण शेडसमोर टांगा उभा करून म्हणाला, “दौलतभाऊ, स्टेसनात गाडी भेटते, मंग लोकं आभायात काऊन जाऊन राहिले?”

“तू त्यायले स्टेसनात नेते, मी स्टेसनाच्या वरून नेतो,” दौलतभाऊ म्हणाले. “पन माझ्यापासी येवाले बी टांगाच लागते ना? स्टेसन त जवळ हाये. माझी पट्टी किती दूर हाये, पाह्य बरं.”

टांगेवाल्याने घोड्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले. त्या आठवड्यापासून स्टेशनाबाहेर टांगेवालेच “हवाई जहाज, हवाई जहाज” असे ओरडू लागले.

उतारूंचे वजन करणे हा आमच्या कामाचा नाजूक भाग होता. लहान विमानात भार बेताचा लागतो, आणि आमच्याकडे काटा होता तो भाताच्या गिरणीतून आणलेला, पोती मोजण्याचा. एका स्थूल धान्य व्यापाऱ्याने त्यावर पाऊल ठेवायला नकार दिला. “दौलतराम, ये अनाज का काँटा है. मैं क्या बोरा हूँ?”

“पहले मैं चढता हूँ, सेठजी,” असे म्हणून दौलतभाऊ स्वतः काट्यावर उभे राहिले. “मैं खाली बोरा, आप भरे हुए. काँटा बेचारा दोनों को पहचानता है.”

सेठजी हसले आणि चढले. त्या दिवसापासून प्रत्येक उतारूच्या आधी दौलतभाऊ काट्यावर चढू लागले. वजन ते कधी मोठ्याने उच्चारीत नसत; माझ्याकडे पाहून बोटांनी खूण करीत आणि उतारूला फक्त “बराबर हाये” म्हणत. आपण बराबर आहोत हे ऐकून माणसे प्रसन्न होत. पुढे वकील, लाखेचे व्यापारी, बिडी कारखानदार असे अनेक जण नियमाने येऊ लागले. आठवड्यातून एकदा जाणारे विमान तीनदा जाऊ लागले, आणि मालकांनी दुसरे विमान घेतले.

धावपट्टीची खरी अडचण भाताच्या कापणीनंतर कळली. एवढी लांब, गुळगुळीत, तापणारी जमीन आसपासच्या गावांनी जन्मात पाहिली नव्हती. एके सकाळी जाऊन पाहतो तो टोकापासून टोकापर्यंत धान वाळत घातलेले. मी पोलिसांना कळवावे म्हणालो. दौलतभाऊंनी मला गप्प केले आणि गावकऱ्यांबरोबर ते तेथेच उकिडवे बसले. ठरले ते असे: एका कडेची पट्टी धानासाठी राहील; विमानाच्या दिवशी तीही झाडून स्वच्छ होईल; आणि त्या बदल्यात गावकरी धावपट्टीवर गुरे येऊ देणार नाहीत. हा करार कोणी लिहिला नाही, आणि कोणी मोडलाही नाही.

वारा कुठून वाहतो हे वैमानिकाला कळावे म्हणून दौलतभाऊ धावपट्टीच्या टोकाशी ओली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, जाळून धूर करीत. आमचे वैमानिक कॅप्टन सोराब, सैन्यातून आलेले गोरेपान पारशी गृहस्थ, तो धूर पाहून उतरत. जवळच्या टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या, फुलवंताबाई या वयस्क गोंड बाईने एकदा त्यांना विचारले, “भाऊ, रोज धूर कायले करता?” दौलतभाऊंनी सोपे करून सांगितले, “बाई, धूर दिसला का इमान उतरते.” ते वाक्य पुढे आम्हांला भोवणार होते.

नंतर कलकत्त्याची मोठी कंपनी आली. तिचे विमान चकचकीत धातूचे, आमच्यासारखी तीन पोटात घेईल एवढे. धावपट्टीच्या दुसऱ्या अंगाला त्यांचा तंबू लागला; आत वेताच्या खुर्च्या, गालिचा, बर्फातला सोडा. त्यांचे मॅनेजर सेनबाबू भर उन्हात टाय लावीत. त्यांनी एकदा आमच्या विमानाकडे पाहून विचारले, “तुरकरबाबू, ये हवाई जहाज है कि पतंग?”

“पतंगच है, सेनबाबू,” दौलतभाऊ म्हणाले. “शाम को घर आ जाती है.”

सेनबाबू उतारूंचे कान दुखू नयेत म्हणून पेपरमिंट देत. दौलतभाऊ पळसाच्या द्रोणात चारोळी आणि गूळ देत. त्या कंपनीचे उतारूही चारोळीसाठी आमच्या शेडशी येऊ लागले, आणि दौलतभाऊ त्यांनाही देऊ लागले. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, “कान त त्यायचेबी दुखतेच ना.”

मग सरकारी पत्र आले. एवढ्याशा ठिकाणाहून दोन कंपन्या चालवण्यात अर्थ नाही. एका सकाळी दोघांची विमाने अधिकाऱ्यांसमोर उतरावीत, व्यवस्था पाहून एकीलाच परवाना मिळेल. मोठ्या कंपनीला गोंदिया गेले तरी दुसरी शहरे होती. ‘सारस’चे सगळेच गोंदियावर उभे होते. परवाना गेला तर कंपनी बंद होणार, हे नागपूरच्या मालकांनी स्पष्ट कळवले होते. दौलतभाऊंनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि धावपट्टी झाडायला निघून गेले.

दिवस मोहफुलांचे होते. फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करण्याची तिकडे रीत आहे. अधिकारी आदल्या दिवशीच्या रेल्वेने येऊन आमच्या शेडसमोर घड्याळ हातात घेऊन उभे होते. शांत, मितभाषी गृहस्थ. नागपुरी धाटणीची शुद्ध मराठी बोलत. दौलतभाऊंनी तणीस पेटवली. थोड्या वेळात मी सहज पलीकडे पाहिले तर मोहाच्या झाडांखालून आणखी एक धूर निघाला होता. मग दुसरा, मग तिसरा. पाहता पाहता चारी दिशांना धूर उभे राहिले, एकमेकांत मिसळले आणि साऱ्या शिवारावर दुलई पसरावी तसे पसरले.

फुलवंताबाई आनंदाने धावपट्टीच्या कडेला उभ्या होत्या. “भाऊ, आज मोठा सायेब येऊन राहिला, दोन दोन इमान येऊन राहिले. एका धुरानं कसं भागन? म्या सर्व्या टोल्यायले सांगतलं, आजसाठी पाचोळा राखून ठेवा, अन् भाऊचा धूर दिसला का पेटवा.”

दौलतभाऊंनी चारी बाजूंच्या धुराकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “मान खूप झाला, बाई. आता थोडा आवरा.”

तेवढ्यात आमचे विमान आले. कॅप्टन सोराबांना त्या भागातले तळे न् तळे ओळखीचे. नागरा गावाच्या बाजूने खाली येत त्यांनी धुरातून वाट काढली आणि चाके अलगद टेकवली. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहून मान हलवली. दौलतभाऊंनी जोडे घातले. माझा जीव भांड्यात पडला; परवाना आमचा झाला असे मला वाटले.

नंतर मोठ्या विमानाचा आवाज आला. तो डोक्यावरून गेला, दूर गेला, परत आला, पुन्हा दूर गेला. विमान दिसत नव्हते. सेनबाबू तंबूतून धावत आले. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. वैमानिक या मार्गावर नवा होता, आत रायपूरहून बोलावलेले पाहुणे होते, आणि परत जाण्याचे पेट्रोल येथे भरायचे म्हणून त्यांच्या तंबूमागे पिंपांत ठेवलेले होते; म्हणजे मागे फिरण्याइतके विमानात नव्हते.

दौलतभाऊ कॅप्टन सोराबांकडे गेले. “कॅप्टनसाब, फिर ऊपर जाना पडेगा. उनको साथ लेके आना पडेगा.”

“दौलत, अभी तो पास हुए हैं,” कॅप्टन म्हणाले. “इस धुएँ में पहिया टूट गया तो?”

अधिकारी जवळ उभे होते. ते सौम्यपणेच म्हणाले, “तुरकर, तुमची चाचणी झाली आहे. विमान पुन्हा वर गेले आणि काही बिघडले, तर मला जे दिसेल तेच लिहावे लागेल. याचा नीट विचार करा.”

“लिहा, साहेब,” दौलतभाऊ म्हणाले. “पन ते लोकं आता वरतं हायेत. आधी मानूस उतरला पायजे.”

आणि ते खाली वाकले. जोडे काढले, टोके धावपट्टीकडे करून ठेवले. कॅप्टन सोराबांनी त्या जोड्यांकडे पाहिले, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते विमानात चढले.

पुढचा वेळ मला नीट सांगता येणार नाही. आमचे लहानसे विमान धुरात शिरून नाहीसे झाले. दौलतभाऊंनी आम्हां सर्वांना, अधिकारी वगळून, मोहाच्या झाडांकडे पिटाळले. सेनबाबू टाय खांद्यावर टाकून पाण्याची घागर घेऊन धावत होते, आणि मागून फुलवंताबाई ओरडत होत्या, “टायवाले बाबू, पानी कायले टाकता? पान्यानं धूर वाढते. मातीनं झाका, मातीनं.” सेनबाबू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती लोटू लागले. मीही त्यांच्या शेजारी तेच करीत होतो. वर दोन आवाज होते, एक जाड आणि एक बारीक. कधी ते लांब लांब जात. मग एका वेळी ते जवळ आले, आणि जवळच राहिले.

प्रथम बाहेर आले ते आमचे विमान, पंख डावी-उजवीकडे हलवीत. आणि त्याच्या मागोमाग, बदकाच्या पिलामागे हंस यावा तसे, ते चकचकीत मोठे विमान. आमचे धावपट्टीवरून अगदी खालून उडत जाऊन पुन्हा वर चढले आणि मागच्याला जागा करून दिली. मोठ्या विमानाची चाके टेकली, धूळ उडाली, ते धावत टोकाशी जाऊन थांबले. एक फेरी मारून कॅप्टन सोराब उतरले.

सेनबाबूंचे हात मातीने भरलेले होते. त्यांनी ते पँटला पुसले, शेडच्या दाराशी जाऊन दौलतभाऊंचे जोडे उचलले आणि त्यांच्यासमोर आणून ठेवले. दौलतभाऊ संकोचाने दोन पावले मागे सरले.

“रहने दो, सेनबाबू. अभी पंखा घूम रहा है.”

कॅप्टन सोराबांच्या विमानाचा पंखा पूर्ण थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग जोडे घातले आणि उतारूंना द्यायची चारोळी पाहुण्यांना वाटायला सांगितली. मोठ्या कंपनीच्या पाहुण्यांनी आमच्याच शेडमध्ये बसून ती खाल्ली. नंतर सगळेच एकदम बोलू लागले, आणि फुलवंताबाईंना कोणी तरी बर्फातला सोडा दिला. त्यांनी एक घोट घेऊन पेला परत केला. “हे चावते,” त्या म्हणाल्या.

परवान्याचा निर्णय काही आठवड्यांनी आला. लखोटा मीच उघडला. परवाना दोन्ही कंपन्यांना, एक दिवसाआड. आणि धावपट्टीची व्यवस्था दोघांच्या वतीने तुरकर यांच्याकडे. कारण दिलेले नव्हते. मी वाचून दाखवले. दौलतभाऊंनी एक लांब श्वास सोडला आणि पायांकडे पाहिले.

“म्हंजे आता रोजच अनवानी,” ते म्हणाले. “मोच्याचं नुकसान हाये, बाबू.”

स्वातंत्र्य आले त्या वर्षाच्या हिवाळ्यात मला नागपूरच्या एका शाळेत जागा मिळाली. तोवर मुलांची भीती थोडी कमी झाली होती. दौलतभाऊंजवळ राहून माणसांना “बराबर हाये” म्हणणे मला जमू लागले होते. कंपनीत राहूनही मी कधी विमानात बसलो नव्हतो. निरोपादाखल त्यांनी मला नागपूरपर्यंत विमानाने पाठवायचे ठरवले. आधी स्वतः काट्यावर चढले, मग मला चढवले. “बराबर हाये,” म्हणाले. हातात चारोळीचा द्रोण दिला. “भेऊ नका. कॅप्टनसाब हायेत.”

विमान उचलले गेले तेव्हा मी डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा आम्ही वळण घेत होतो. खाली कापणी झालेल्या धानाच्या शेतात सारसांची जोडी उभी होती. धावपट्टीच्या कडेला वाळणारे धान पिवळे दिसत होते, शेडचे पत्रे चमकत होते, आणि दारासमोर एक उंच आकृती, खाली वाकलेली. एवढ्या उंचीवरून जोडे दिसणे शक्य नव्हते. पण त्यांची टोके कुठल्या दिशेला आहेत, हे मला ठाऊक होते.

नागपूरला उतरताच मी सामान न घेता आधी कार्यालयात धावलो आणि गोंदियाला कळवा म्हणून सांगितले. पलीकडे घंटा वाजली असेल, कोणी तरी “पोचलं” म्हणाले असेल, आणि मला त्या वेळी जे हलके वाटले ते अजून आठवते. दौलतभाऊंना मी पुन्हा पाहिले नाही. पुढे मी पुष्कळदा प्रवासाला गेलो, आणि पोचल्यावर कळवण्याची सवय सुटली नाही. कळवायला कोणी उरले नाही तेव्हाही हात आपोआप टेलिफोनकडे जाई. म्हणून वाचकांना एवढेच विचारतो: तुम्ही सुखरूप पोचल्याचे कळेपर्यंत कोण अनवाणी उभे असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?